न हललेली खुर्ची

१

गुरुवार, सकाळचे अकरा. लातूरच्या टंचाई निवारण मंडळाच्या कार्यालयात साहेबांच्या टेबलाखालची लाकडी पेटी उघडली गेली. पेटी रिकामी होती.

तिच्यात बोअरच्या मशीनचे नवे बिट असायला हवे होते. बिट म्हणजे मशीनच्या टोकाला लागणारा, दगड फोडणारा पोलादी ठोकळा. उंची दीड वीत, वजन वीस-बावीस किलो. जुने बिट होळीच्या सुमारास झिजून निकामी झाले होते. नव्या बिटाशिवाय मशीन म्हणजे ट्रकवर उभी केलेली शिडी.

पेटी टेबलाखाली असण्याला कारण होते. मागचे साहेब बुटके. खुर्चीत बसले की पाय जमिनीला टेकत नसत, म्हणून त्यांनी ही पेटी पायाखाली घेतली. मंडळाची सगळ्यात महाग वस्तू पायाखाली असली की चोरीची काळजी नाही, असे ते म्हणत. डिसेंबरात त्यांची बदली झाली. पेटी तिथेच राहिली.

साल १९८६. लातूर जिल्हा होऊन चार वर्षे होत आली होती आणि पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. जिल्ह्याला कलेक्टर मिळाला, पोलीस मिळाले. मंडळाचे मुख्य कार्यालय मात्र नांदेडलाच राहिले. लातूरला त्याची शाखा, एका बंद पडलेल्या तेलगिरणीच्या गोदामात. शाखा राहणार की मिटणार, कोण नांदेडला जाणार आणि कोण घरी, हे कुणालाच ठाऊक नव्हते. सोमवारी नांदेडहून हुकूम आला : मशीन सर्व साहित्यासह नांदेडला पाठवावे. कर्मचाऱ्यांबाबत पुढील आदेश येतील.

मशीन ताब्यात घ्यायला नांदेडहून आल्या होत्या महानंदा कोरे. मंडळाच्या भूवैज्ञानिक, मूळच्या उदगीरच्या. त्यांनी आणलेला लिफाफा अमृतराव वलांडे यांनी पितळी सुरीने उघडला. सुरीचे टोक पिळवटलेले होते. लिफाफा वेडावाकडा फाटला.

"माफ करा," अमृतराव म्हणाले. ते शाखेचे प्रभारी प्रमुख. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले, शांत, सडपातळ. साहेबांच्या खोलीत ते साहेबांच्या जागी बसत नसत. टेबलाच्या या बाजूला, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या लाकडी खुर्चीवर बसून काम करत.

पलीकडे टेबलात पुरती सारलेली चाकांची मोठी खुर्ची होती. पाठीवर पांढरा टॉवेल, टॉवेलवर धूळ. भांडारपाल हणमंतराव राजेगोरे यांनी तिचा हात धरून ती झटक्यात मागे ओढली. खुर्ची गरगरत टेबलाला वळसा घालून अमृतरावांच्या दिशेने गेली, तसे ते उठून भिंतीला लागले. हणमंतरावांच्या बाहीला कोळ्याचे जाळे चिकटले होते. त्यांनी ते पँटला पुसले, वाकून पेटी ओढली आणि झाकण उघडले.

"आरं तिच्या!" ते म्हणाले. मग, कुणी न विचारता, "बसवंतला बलवा. शेवटी त्याच्याच हातात व्हतं."

महानंदा बाहीकडे बघत होत्या. बसवंतचे नाव त्यांनी नंतर ऐकले.

२

नांदेडला फोन लावला गेला. तिथेही प्रमुख नव्हते, प्रभारीच होते. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला : संध्याकाळी पाचपर्यंत बिट मिळाले नाही तर ड्रिलरविरुद्ध चोरीची तक्रार द्या आणि त्याचे नाव रोजंदारीवरून कमी करा.

ड्रिलर बसवंत त्या मशीनवर नऊ वर्षे रोजंदारीवर होता. कायम होणाऱ्यांच्या यादीत यंदा त्याचा नंबर पहिला होता, आणि ही गोष्ट कार्यालयात सगळ्यांना पाठ होती. चोरीचा डाग लागला की नंबर गेला आणि मशीनही गेले.

तो ट्रकच्या सावलीत बसला होता. महानंदा आल्यावर उठला नाही.

"म्याडम, तुम्ही पण विचारा. सगळे विचारूनच राहिलेत."

"बिट पेटीत कधी ठेवलं?"

"होळीच्या आधी. धानोरवाडीला बोअर चालू होता. एकशे चाळीस फुटांवर काळा दगड लागला अन् जुनं बिट बसलं. नवं न्यायला आलो तर साहेब म्हणाले, नवं बिट वापरायला प्रमुखांची मंजुरी लागते, मी प्रभारी हाय. मग काय, परत ठेवलं."

"कसं ठेवलं?"

"कसं म्हणजे?" बसवंतने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. "खुर्ची ओढली, पेटी सारली, खुर्ची परत दाबली. टेबल काय देवघर हाय का?"

"त्यानंतर?"

"त्यानंतर मी त्या खोलीत गेलो न्हाई. माझं काय काम तिथं? मंजुरी आली का म्हणून दारातूनच विचारायचो. खासगी बोअर मारणारे तमिळ मशीनवाले रोज रस्त्यानं जाऊन राहिलेत. बिट विकायचं असतं तर होळीलाच विकलं असतं, अन् आज इथं सावलीत बसलो असतो होय?"

"उठा," महानंदा म्हणाल्या. "मशीनचं तेल-पाणी बघून ठेवा."

"कशाला? बिट कुठंय?"

"ते माझ्याकडं द्या."

३

खोलीची किल्ली दाराबाहेर खिळ्याला टांगलेली असे. म्हणजे आत कुणीही जाऊ शकत होते. महानंदांनी प्रश्न बदलला. कोण गेले, हे विचारण्याऐवजी कोणाला काय हवे आहे, हे त्या विचारू लागल्या.

हणमंतरावांना नांदेड हवे होते. "खोटं कशाला बोलू? नांदेडजवळ अर्धापुरात माझी केळीची बाग हाय. मशीन गेलं की भांडार गेलं, भांडार गेलं की मी गेलो. मी तर रोज सकाळी मशीनला हात जोडतो, माय, चल लवकर म्हणून. मी कशाला अडवू?"

"विकायला?"

"ह्या!" ते हसले. "मॅडम, भांडारपालाला चोरी करायची असली तर तो साहेबाच्या खोलीतून करत न्हाई. माझं अख्खं भांडार पडलंय की."

त्यांचे भांडार पाहण्यासारखे होते. पाने, स्क्रू-ड्रायव्हर, हातोड्या, सगळे लहान-मोठ्या क्रमाने लावलेले.

टायपिस्ट शांतम्मांना लातूर हवे होते. यजमान इथेच शाळेत, सासू अंथरुणाला. मशीन गेले की शाखा मिटणार आणि त्या जास्तीच्या ठरणार.

"मग अडवायला कारण तुम्हालाच आहे," महानंदा म्हणाल्या.

"आहे ना. पण बावीस किलो उचलायला कंबर नाही." शांतम्मांनी टाइपरायटरमधला कागद सरळ केला. "ताई, पाच महिने झाले आम्ही हेच करतोय. फोन वाजला की बघायचं, कोणाचं नाव आलं. रोज एक नवा साहेब येतो, जेवणाच्या सुट्टीत. एकदा अमरावतीचे येणार होते. एकदा कोण तर निवृत्त झालेलेच येणार होते."

"साहेबांच्या खोलीत तुम्ही जाता?"

"दुपारी डबा खायला. पंखा तिथंच चालतो. पण अमृतराव साहेब बसलेले असले तर नाही जात."

"त्या खुर्चीत कधी बसलात?"

शांतम्मा लाजल्या. "संक्रांतीला बसले होते एकदा. गोल फिरून बघितलं. मला काय त्याचं? मी टायपिस्ट. मला कोण गडचिरोलीला पाठवतंय!"

"गडचिरोलीला?"

"तुम्हाला माहीत नाही?" शांतम्मांनी दाराकडे पाहून आवाज उतरवला. "ते त्यांनाच विचारा."

४

अमृतरावांनी चहा मागवला होता. महानंदा त्यांच्या शेजारी, टेबलाच्या त्याच बाजूला बसताना त्यांचा गुडघा टेबलाच्या पुढच्या फळीला लागला. टेबल जुन्या धाटणीचे होते : दोन्ही बाजूंना खण, समोरून खालपर्यंत फळी. पाय घालायला जागा फक्त साहेबांच्या बाजूने. त्यांनी गुडघा चोळला आणि खाली पाहिले. फळी चार स्क्रूंनी बसवलेली होती. टेबलाला दिलेला सरकारी तपकिरी रंग स्क्रूंच्या डोक्यांवरही चढलेला होता, पण खाचांपाशी तो खरवडून पितळ चमकत होते. भोवतीच्या लाकडावरही ओरखडे होते, हत्यार घसरल्यासारखे.

"गडचिरोलीचं काय आहे, साहेब?"

अमृतरावांनी कप खाली ठेवला. "शांतम्मा बोलल्या वाटतं. काही नाही, योगायोग. बुटके साहेब गेल्यावर पहिले प्रभारी झाले ते या खुर्चीत बसले. आठ दिवसांत त्यांची गडचिरोलीला बदली झाली. दुसरे बसले, त्यांची चौकशी लागली. अजून चालू आहे. फेब्रुवारीपासून चार्ज माझ्याकडं आहे."

"आणि तुम्ही बसला नाहीत."

"मी हातसुद्धा लावत नाही," अमृतराव अगदी साधेपणाने म्हणाले. "तुम्ही हसाल. घरची पण हसतात. पण माझी दोन वर्षं राहिलीत, कोरेबाई. प्रभारी माणूस म्हणजे लग्नातला राखीव भटजी. मंत्र येतात, पण म्हणायची वेळ येऊ नये."

महानंदा हसल्या नाहीत. "धानोरवाडीचा बोअर अर्धा का राहिला?"

प्रश्न सरळ होता. अमृतराव खिडकीकडे वळले.

"मी मंजुरी दिली नाही म्हणून. अधिकार आहे की नाही, याची खात्री नव्हती. नांदेडला विचारलं, तर ते म्हणाले, आम्हीपण प्रभारीच." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः त्या गावात जाऊन सांगून आलो होतो, पुरं करून देतो म्हणून."

"बसवंतचं नाव पाचला कमी होणार आहे."

"माहीत आहे," अमृतराव म्हणाले.

५

व्हरांड्यात एक म्हातारी बसली होती. हिरवे लुगडे, शेजारी पिशवी. धानोरवाडीच्या केवळाबाई. होळीपासून दर मंगळवारी एसटीने येऊन बोअरचे विचारायच्या. आज गुरुवार होता.

"आज कशा आलात, मावशी?"

"गावात कुणी म्हणलं, मशीन नांदेडला चाललं. म्हणलं, डोळ्यानं बघून यावं. अन् बघ की, जीप बी आली." त्यांनी महानंदांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तूच नेणारी का?"

"हो, मीच."

"चांगल्या घरची दिसतीस."

महानंदा त्यांच्याजवळ पायरीवर बसल्या. "मंगळवारी आला होतात तेव्हा साहेब काय म्हणाले?"

"साहेब म्हणले, केवळाबाई, निवांत ऱ्हावा. मशीन इथून हालत न्हाई. त्या माणसानं होळीपासनं पयल्या बारीला असं छातीवर हात ठिवून सांगितलं. न्हाईतर आपलं, बघू, कळवू, वरून येऊ द्या." त्या सरकून बसायला गेल्या आणि करवादल्या. "माझी टेकायची जागा बी ह्या बादलीनं घेतली. मंगळवारपासनं हितंच मुक्काम तिचा. ढकलली तरी सरकत न्हाई मेली."

ती आगीची लाल बादली होती. भिंतीवर आकड्यांना तशा तीन बादल्या टांगलेल्या होत्या, वाळूने भरलेल्या, वाळूत विड्यांची थोटके आणि पानाच्या पिचकाऱ्या. चौथा आकडा चुन्यासकट उखडून लोंबत होता आणि त्याच्या खाली चौथी बादली जमिनीवर होती. तिच्यातल्या वाळूत एकही थोटूक नव्हते.

महानंदांनी बादलीला हात लावला नाही. त्या उठल्या आणि साहेबांच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतले.

६

"मी बोलते, साहेब. चुकलं तर थांबवा."

अमृतराव लाकडी खुर्चीवर ताठ बसले होते.

"सकाळी हणमंतरावांनी मोठी खुर्ची ओढली तेव्हा त्यांच्या बाहीला जाळं लागलं. खुर्ची आणि टेबल यांच्या मधलं जाळं. टॉवेलवर धूळ होती, तिच्यावर बोट उमटलेलं नव्हतं. म्हणजे बरेच दिवस ती खुर्ची जागेवरून हललेली नाही. पण ती सारलेली असताना पेटीपर्यंत हात जात नाही. मग बिट गेलं कुठून? समोरून. ही फळी काढून. स्क्रूंचा रंग खरवडलाय."

बाहेर बसवंतने मशीनचे इंजिन सुरू करून पाहिले. ते खोकून बंद पडले.

"आता मला हे कळेना की फळी काढायची कशाला? खोली उघडी. खुर्चीला चाकं. ओढली की झालं. बसवंतनं तशीच पेटी ठेवली. हणमंतरावांनी आज तशीच काढली. शांतम्मा तर तिच्यावर बसून फिरल्या. यातलं कोणीही असतं तर खुर्ची सरकवून अर्ध्या मिनिटात मोकळं झालं असतं. शिवाय हणमंतरावांकडं आणि बसवंतकडं नीट हत्यारं आहेत. त्यांच्या हातून स्क्रू असे खरवडले जात नाहीत. हे काम कशानं तरी भलत्याच गोष्टीनं केलंय. कागद फाडायच्या सुरीनं, समजा."

टेबलावरची पितळी सुरी दोघांच्या मध्ये होती. तिच्या पिळवटलेल्या टोकाकडे दोघांनीही पाहिले.

"या कार्यालयात एकच माणूस असा आहे, की जो ती खुर्ची हलवण्यापेक्षा गुडघ्यावर बसून चार स्क्रू काढील. आणि त्याच माणसानं सोमवारी मशीन न्यायचा हुकूम वाचून मंगळवारी केवळाबाईंना सांगितलं की मशीन हलत नाही. होळीपासून इतक्या खात्रीनं त्यानं काहीच सांगितलं नव्हतं."

अमृतरावांनी सुरीचे टोक बोटाने चाचपले. मग म्हणाले, "हुकमात लिहिलंय, सर्व साहित्यासह. एक वस्तू कमी असली की ताबा होत नाही. विचारणा होते, स्मरणपत्रं येतात. महिना जातो. तोपर्यंत नियमित साहेब आले असते, मंजुरी दिली असती, बोअर पुरा झाला असता. हुकूम मोडायची माझ्यात हिंमत नाही, कोरेबाई. हुकूम अपुरा ठेवता येतो, तेवढं मला येतं. सोमवारी सगळे गेल्यावर केलं." त्यांनी चष्मा काढला. "बसवंतवर येईल, हे डोक्यात आलं नाही. वस्तू सापडत नाही, एवढंच होईल वाटलं. सरकारात वस्तू हरवते, माणूस हरवत नाही, असं मला वाटत होतं."

"बिट बाहेर नेलं नाहीत."

"सरकारी वस्तू आवाराबाहेर कशी नेणार?" ते जवळजवळ दुखावले गेले. मग त्यांच्या लक्षात आले. "तुम्हाला माहीत आहे, कुठंय ते."

"केवळाबाईंना बसायला जागा नाही, एवढं माहीत आहे."

अमृतराव उठले. महानंदांना वाटले, ते बादलीकडे जातील. त्यांनी फोन उचलला आणि नांदेड मागितले. लाइन लागेपर्यंत बसवंतला हाक मारली, हणमंतरावांना, शांतम्मांना. सगळे आत आल्यावर रिसीव्हर कानाला धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले :

"वलांडे बोलतो, लातूर. बिट आवारातच आहे. बसवंतनं चोरलेलं नाही. मी ठेवलं होतं. मी म्हणजे मीच, अमृतराव. कारण लेखी देतो. तक्रार होणार नाही, त्याचं नाव कमी होणार नाही. हो. हो, मी जबाबदार."

पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. अमृतराव ऐकत होते. त्यांनी रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ होता.

"काय म्हणाले?" शांतम्मांनी विचारले.

"म्हणाले, तुमच्यावर काय कारवाई करायची ते नियमित साहेब आले की बघतील. त्यांना अधिकार नाही."

हणमंतराव फिसकन हसले आणि गप्प झाले. सगळे बसवंतकडे पाहू लागले. बसवंत फळीच्या खरवडलेल्या स्क्रूंकडे बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "नऊ वर्षं. सकाळपासून मी घरी काय तोंड दाखवू, हाच विचार करून राहिलो होतो."

"चुकलं माझं."

"चुकलंच." त्याने एका स्क्रूवर अंगठा फिरवला. "अन् एक सांगू? खुर्ची सरकवली असती, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं."

७

दुपारचा एक वाजत आला होता, पाचाला अजून वेळ होता. बिट वाळूतून काढून पुसून टेबलावर ठेवले होते. त्याच्या तोंडावर बसवलेल्या, दगड फोडणाऱ्या पोलादी बटणांवर ओरखडाही नव्हता. ताबा घ्यायला आता काही अडचण उरली नव्हती, आणि नेमकी तीच अडचण होती.

"साहेब," महानंदा म्हणाल्या, "मशीन ताब्यात घेणाऱ्यानं ते चालवून बघावं, असं नियमात आहे ना?"

"आहे. चाचणी घेतल्याशिवाय ताबापत्रावर सही करू नये. सरळ कलम आहे."

"चाचणी कुठं घ्यायची?"

अमृतरावांनी चष्मा घातला. त्यांच्या आवाजात काहीतरी हलले. "ते लिहिलेलं नाही."

"धानोरवाडी माझ्या वाटेवर आहे. अहमदपूरच्या पुढं, रस्त्यापासून जवळ. मी तिथं चाचणी मागते. नव्या बिटासह. पण मंजुरी या शाखेच्या प्रमुखांची लागेल."

शांतम्मा बाहेर गेल्या आणि चार ओळी टाइप करून आल्या. अमृतरावांनी कागद टेबलावर ठेवला. बसले नाहीत, मोठ्या खुर्चीत नाही आणि लाकडीतही नाही. उभ्याउभ्याच वाकून त्यांनी 'मंजूर' लिहिले आणि सही केली. सहीखाली 'प्रभारी' लिहायला पेन टेकवले. मग उचलले.

"राहू द्या," हणमंतराव म्हणाले. "कागद लई लहान हाय."

मशीनचा ट्रक पुढे, जीप मागे. जीपमध्ये महानंदांच्या शेजारी केवळाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मागे अमृतराव. केवळाबाईंनी वाटेत मागे वळून विचारले, "सायेब, म्हणला व्हता ना, हालत न्हाई? हाललं की ओ."

"हललं," अमृतराव म्हणाले. "पण तुमच्या गावाकडं."

जुन्या भोकावर मशीन उभे करायला, तोल साधायला, रॉड उतरवायला बसवंतला वेळ लागला. गावातले लोक जमले, पण लांब थांबले. होळीला त्यांनी एकदा जवळ येऊन पाहिले होते. कॉम्प्रेसर सुरू झाला. एकशे चाळीसच्या खाली काळा दगड तसाच होता. भोकातून फुटलेल्या दगडाचे कोरडे पीठ उडून ट्रकवर, बसवंतच्या डोक्यावर, अमृतरावांच्या टोपीवर बसत होते. महानंदा दर रॉडनंतर चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन बघत. काळे, मग करडे. मग त्यात पांढरे ठिपके आले.

"हे काय हाय?" केवळाबाईंनी विचारले.

"दगड बदलला."

"चांगलं का वाईट?"

"बदलला, एवढंच सांगते, मावशी."

दिवस कलायला लागला तेव्हा ग्रामपंचायतीच्या फोनवर शांतम्मांचा निरोप आला. नांदेडला नव्या साहेबांचे नाव आज येणार होते, आले नाही. उद्या येईल म्हणतात. लातूरची शाखा राहणार की मिटणार, तेही उद्याच. अमृतरावांचे प्रकरण नव्या साहेबांच्याच टेबलावर जाईल. अमृतरावांनी निरोप ऐकला आणि मान हलवून परत मशीनपाशी येऊन उभे राहिले.

केवळाबाईंनी ओणवून भोकाच्या कडेचे मूठभर पीठ उचलले आणि दाबले. मूठ उघडली. पीठ सांडले नाही. बोटांचे वळ घेऊन गोळा तसाच राहिला. त्यांनी तो महानंदांपुढे धरला. महानंदांनी बसवंतकडे पाहिले. बसवंतने ओठांवर बोट ठेवले.

"कुणी काही बोलू नका," तो म्हणाला. "ओल लागली म्हणजे पाणी लागलं असं नसतं."

सूर्य मावळताना भोक एकशे नव्वद फुटांवर होते. कॉम्प्रेसरचा आवाज जड झाला होता, भोकातले पीठ ओले होऊन उडायचे थांबले होते आणि बसवंत पुढचा रॉड लावत होता.